सात नंबरचं झाड

महाड
२१ जानेवारी २०२४

तुळसा,

फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस. तिकडं मुंबईजवळ दिव्याला तुझ्या भावाच्या दारात येऊन उभी राहिले, तर तो मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. म्हणून पोस्टानं पाठवते आहे. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते. घरी लिहिता येत नाही.

हैबतीला जाऊन उद्या दोन महिने होतील. त्याला अंगणातून उचलायच्या आधी तू सगळ्या वाडीसमोर माझ्याकडं हात करून म्हणालीस, "हिच्या वहीनं मारला माझ्या मालकाला." पुढच्या आठवड्यात तू लेकीला, सेजलला घेऊन निघून गेलीस. एका बाकावर बसून आपण सातवीपर्यंत शिकलो. मला न सांगता तू कुठं गेलीस असं याआधी झालं नव्हतं.

त्या वहीचं सांगायचं आहे. वाडीत लोक काहीही बोलतात, की मी सरकारची माणूस, की मी डोंगर विकला. खरं काय होतं ते तुला तरी नीट माहीत असू दे.

आमच्या लॅबमध्ये केळीची रोपं होतात. कंदाचा डोळा कापून घ्यायचा, निर्जंतुक करायचा, बाटलीतल्या आगरच्या जेलीवर ठेवायचा, आणि वाढला की पुन्हा कापायचा. एका डोळ्याची शेकडो रोपं. सहा वर्षं मी काचेच्या पेटीसमोर बसून हेच करते. दोन वर्षांपूर्वी श्रुतिका मॅडमनी नरक्याच्या झाडाचं काम हातात घेतलं. त्याच्या लाकडातून कॅन्सरच्या औषधाचा माल निघतो, म्हणून घाटावरचे व्यापारी चोरून तोडून नेतात. आपल्या डोंगरातला निम्मा नरक्या असाच गेला. मॅडम म्हणायच्या, बाटलीत रोपं झाली की लोक बांधावर लावतील, मग जंगलात कोयता घेऊन कोण कशाला जाईल. त्यासाठी जुनी, जोमाची झाडं हवी होती. ती हैबतीनं दाखवली. वनखात्याचा रखवालदार, त्याला झाड न् झाड ठाऊक. आम्ही अकरा झाडं निवडली, तारेनं पत्र्याचे नंबर बांधले. कुठलं झाड कुठं, वाट कुठून, हे मी वहीत लिहिलं. त्या जागा दोघांनाच माहीत होत्या, त्याला आणि मला.

तो पहिल्यांदा लॅबमध्ये आला तो दिवस तुला त्यानं सांगितला असेल. चपला काढायला लावल्या म्हणून हसत होता. काचेतून बाटल्या बघून म्हणाला, "ह्या जेलीत झाड येतंय? मंग मी येडा, उगाच डोंगर चढतोय." पण नरक्या येता येत नव्हता. शेंडा कापला की कापलेली जागा काळी पडते आणि आठवड्यात तुकडा मरतो. शंभरातले नव्वद मरायचे. तो दर पंधरा दिवसांनी नवे शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा. मी म्हटलं, कंटाळत नाहीस? तर म्हणाला, "तळीयेला दरड आली तवा मी चार दिवस माती उपसत होतो गो. त्याच्यानंतर झाड तोडलेलं मला बघवत नाय."

२२ नोव्हेंबरला अकरातली नऊ झाडं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरच्या झाडापाशी तो सापडला. एक घाव खांद्यावर, एक मांडीवर.

वही माझ्या पिशवीतून चोरीला गेली होती, तुळसा. दिवाळीनंतर कधीतरी गेली. पोलिसांनाही मी हेच सांगितलं आहे. त्यांनी खालच्या वाडीतल्या चांगूला धरलं, त्याची कुऱ्हाड आणि टॉवेल तिथं सापडला. तो आत आहे. आमचा किशोरदादा हल्ली कुणाशी बोलत नाही. आई म्हणते, त्याला हैबतीचं लागलं.

त्यानं आणलेल्या शेंड्यांतले चौदा तुकडे हिरवे आहेत. हे तुला कळवावंसं वाटलं.

राजश्री


महाड
९ एप्रिल २०२४, पाडवा

तुळसा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

काल चांगूची बायको साळूबाई लॅबवर आली होती. रोपांच्या शेडजवळ जमिनीवर बसली आणि उठेना. मी पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं. म्हणाली, "माझा मालक ओझं वाह्यतो. मारीत नाय. त्याच्यानं कोंबडी कापवत नाय गो, मी कापते." मी म्हटलं, मला काय माहीत? तर माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुला म्हायत हाय. तुझ्या घरचा पिकअप त्या दिवशी रस्त्याला उभा होता, माझ्या पोरीनं बघितला. आमचं कोण ऐकतंय?"

ती गेल्यावर मी पेटीसमोर बसले. सहा बाटल्या खराब केल्या.

वही चोरीला गेली नाही. मी दिली.

ज्याला दिली त्याचं नाव तू केव्हाच ओळखलं असशील. पण का दिली ते तुला कळणार नाही, म्हणून मागचं सांगते. माझ्या सासरी, नाते गावात, काय झालं ते तू फक्त ऐकलंस. नवऱ्यानं उकळती पेज माझ्या पाठीवर ओतली, त्याला भांडण असं काही कारण नव्हतं. मीठ कमी होतं. मी तीन दिवस पालथी पडून होते. चौथ्या दिवशी दादा आला. त्यानं काही विचारलं नाही. माझी पाठ बघितली, मग पडवीतलं मुसळ उचललं आणि नवऱ्याला अंगणात ओढून त्याचा हात पायरीवर ठेवला. हाड मोडल्याचा आवाज मी दारात उभी राहून ऐकला. तो गुरासारखा ओरडत होता. सासू दादाच्या पायाशी लोळत होती. दादा थांबला आणि माझ्याकडं वळून बघितलं, बस का म्हणून. मी म्हणाले, "अजून मार." मग त्यानं दुसरा हात मोडला.

मला बरं वाटलं होतं, तुळसा. आजही आठवलं की वाईट वाटत नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी दादाच्या घरात राहिले, त्याच्या ताटातलं खाल्लं. तो दिवाळीच्या पाचव्या दिवशी माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "राजू, ती नंबरवाली झाडं कुठं हायत? दोनतीनच तोडू. बाकी ऱ्हातील तुझ्या मॅडमला." त्यानं धमकी दिली नाही. हात उचलला नाही. मी स्वतः उठून वही आणली आणि पानं उलटून दाखवली. सात नंबर सगळ्यात जाड आहे हेही मीच सांगितलं. बुधवारी हैबती पोलादपूरला ऑफिसात जातो, हेही.

त्या बुधवारी तो गेला नव्हता. हे मला माहीत नव्हतं. एवढं एक मी खरंच शपथेवर सांगू शकते.

त्या दिवशी लॅबमध्ये जंतू मारायला धुरी दिली होती म्हणून मी घरी होते. आई गवताला गेली होती. दादा दुपारी तीनच्या सुमारास आला. शर्ट काढून पडवीत टाकला. नरक्याचा तो कुजका वास आणि रक्ताचा वास एकत्र आला. मी शर्ट मोरीत नेला आणि धुतला. पाणी लाल झालं, ओतलं, पुन्हा धुतला. नंतर चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात आले तेव्हा माझ्या हाताला त्याच साबणाचा वास होता. तू माझ्याच गळ्यात पडून पहिल्यांदा रडलीस. बोट नंतर दाखवलंस.

हे पत्र पोलिसांना दिलंस तरी चालेल. मी स्वतः जायला हवं, ते मला कळतं. पाय उचलत नाही.

राजश्री


महाड
३० जून २०२४

तुळसा,

अक्षर लागणार नाही, डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत. त्यांत सळ्या घातल्यात.

तुला बातमी कळली असेल की किशोरला धरलं. कसं, ते माझ्याकडून कळू दे.

या महिन्याच्या १० तारखेला मी लॅबमधून दादाला फोन केला. म्हटलं, दादा, तू स्वतः जा आणि चांगूला सोडव, नाहीतर परवा मी जाते. तो म्हणाला, "बरं." एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं तो विचार करतोय. मी त्याच्याबरोबर तीस वर्षं काढली आणि मला त्याचं "बरं" कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो लॅबमध्ये आला. मी पेटीसमोर होते, स्पिरिटचा दिवा पेटलेला होता. तो चिखलाच्या बुटांनी आत आला. त्याच्या हातात पिकअपच्या जॅकची दांडी होती. माझ्याबरोबरच्या दोन मुली मागच्या खोलीत पळाल्या आणि आतून कडी घातली. तो आधी माझ्याकडं आलाच नाही. काचेच्या दारापलीकडं मांडण्या आहेत, त्यांवर केळीच्या चार हजार बाटल्या होत्या. एका टोकापासून त्यानं दांडी फिरवायला सुरुवात केली. काच इतकी उडत होती की त्याच्याच कपाळातून रक्त येत होतं. मी ओरडले, "दादा, ती केळी आहेत, त्यांचा काय संबंध?" तो थांबला आणि म्हणाला, "मंग नरक्या कंचा? तो दाव."

मी दाखवला नाही. नजर मात्र गेली. वरच्या कोपऱ्यातली मांडणी त्यानं ओढून पाडली.

मग माझ्याकडं आला. केसांना धरून डोकं पेटीच्या काचेवर आपटलं, दोनदा. म्हणाला, "तुझ्यासाठी मी काय केलं ते इसरलीस?" मी म्हटलं, "नाही विसरले. म्हणून आधी तुला फोन केला." त्यावर तो रडायला लागला, तुळसा. रडत रडत त्यानं माझा उजवा हात टेबलावर दाबला. म्हणाला, "मी त्याला बोललो, हैबती बाजूला हो, तू आपला माणूस हायस. तो लाकूड कापायच्या मशीनला धरून ऱ्हायला. सोडीना. मी काय करायचं होतं?" असं विचारलं आणि माझ्या बोटांवर दांडी मारली. पुन्हा विचारलं आणि पुन्हा मारली. त्याला खरंच उत्तर हवं होतं असं मला वाटतं.

डाव्या हाताशी स्काल्पेल होतं. सहा वर्षं मी रोज कापते. पातं किती दाबलं की किती खोल जातं हे माझ्या हाताला पाठ आहे, डाव्यासुद्धा. मी त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत ओढलं. तो मागं सरकला, दांडी पडली, गाल उघडा पडून आतले दात दिसत होते. त्यानं मला सोडलं होतं. दोन्ही हातांनी तो तोंड धरून उभा होता. तेव्हा मी दुसऱ्यांदा वार केला, त्याच्या हातांवर. तो स्वतःला वाचवण्यासाठी नव्हता. जबाबात मी तो एकाच झटापटीत झाला असं लिहून दिलं.

शेडमधले भिकूकाका फावडं घेऊन आले. त्यांनी दादाला खाली पाडून त्याच्या छातीवर गुडघा ठेवला. दादाची धडपड थांबली होती, तरी काका फावडं उगारूनच बसले होते. मीच म्हटलं, "काका, नको."

पोलिसांना मी सांगितलं की त्या बुधवारी तीन वाजता दादा रक्तानं भरून घरी आला होता. चांगूनंही मग तोंड उघडलं. इतके दिवस तो गप्प होता, कारण साळूबाईला आणि मुलीला घरासकट जाळीन असं दादानं त्याला सांगितलं होतं. पण शर्ट कुणी धुतला ते मी सांगितलं नाही. आणि वही चोरीला गेली असंच पुन्हा लिहून दिलं. सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा दिला.

आई दवाखान्यात आली होती. माझ्या खोलीच्या दारात थांबली, आत आली नाही. तिनं भाकरी दादासाठी आणली होती.

चौदा बाटल्यांतल्या तीन मिळाल्या. एक मॅडमनी काचांखालून काढली, दोन पेटीच्या मागं पडल्या होत्या. काचेच्या बारीक कचऱ्यातून मॅडमनी हातमोजे न घालता त्या शोधल्या.

राजश्री


महाड
११ फेब्रुवारी २०२५

तुळसा,

१८ तारखेला माणगावच्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्याआधी तुला एक सांगायचं राहिलं आहे. तीन पत्रांत मी ते लिहिलं नाही. दर वेळी वाटलं लिहिलं तेवढं पुरे.

साळूबाई म्हणाली की मागच्या महिन्यात तू कोर्टात आली होतीस, ज्या डॉक्टरांनी हैबतीचं पोस्टमॉर्टेम केलं त्यांची साक्ष ऐकलीस. घाव लागल्यावर तो चारपाच तास जिवंत असावा असं ते म्हणाले. तू उठून बाहेर गेलीस आणि जिन्यात बसलीस. तुला सगळ्यांनी सांगितलं होतं की तो जागीच गेला. मीही सांगितलं होतं.

मला माहीत होतं तो जागीच गेला नाही. डॉक्टरांच्या आधी, त्याच दिवशी, तीन वाजता माहीत होतं.

दादा आला, शर्ट टाकला आणि ओट्यावर बसला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "हैबतीला लागलं." मी विचारलं, "मेला?" तो म्हणाला, "नाय. हालतोय. बोलत पण होता." चांगू मशीन टाकून पळाला होता. हैबती सात नंबरच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता, आणि दादा आणि बाकीचे ओझेवाले लाकूड घेऊन निघाले तेव्हा त्यानं दादाला हाक मारली. नावानं. "किशोर, मला खाली घेऊन चल, मी कोणाला सांगत नाय."

माझा फोन फळीवर होता. हातभर अंतरावर. आपल्या वाडीतून सात नंबरपर्यंत पाऊण तास. चार माणसं डोली घेऊन निघाली असती तर चारला तिथं पोचली असती. उतरून रस्त्याला साडेपाच, पोलादपूरला सहा. हा हिशेब मी नंतर मांडलेला नाही. तेव्हा, तिथं उभी असताना मी हे मनात मोजलं. पोचेल, असं उत्तर आलं.

आणि मग माझ्या मनात आलं, की तो जगला तर दादाचं नाव सांगेल.

दादानं मला अडवलं नाही. तो मान खाली घालून बसला होता. मी फोन उचलला असता तर कदाचित त्यानं उचलू दिला असता. त्याला तेच हवं असेल, कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, "राजू, काय करू?" मी म्हटलं, "शर्ट दे."

दादानं कोयता मारला तो रागात. मी विचार करून शर्ट धुतला. मी धूत होते तेव्हा तुझा नवरा जिवंत होता, आणि तू पलीकडं दहा घरं सोडून भात झोडत होतीस. तुमचा आवाज मला मोरीत येत होता.

सरकारी वकील म्हणाले, विचारतील तेवढंच बोला, शर्टाबिर्टाचं स्वतःहून काढू नका, केस मजबूत आहे. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "कोर्टात बोललीस तर तुला इथं ठेवता येणार नाही. न बोललीस तर मला तुझ्याबरोबर काम करता येणार नाही." माझी बोटं तशीही वळत नाहीत. पेटीसमोर आता दुसरी मुलगी बसते. नरक्याच्या त्या तीन बाटल्यांची साठ रोपं झाली होती. मातीत काढली ती पहिली वीस मेली, पुढच्या वीसमधली सात उभी आहेत.

आई म्हणाली, दादाविरुद्ध बोलशील तर माझ्या चितेलाही येऊ नकोस.

मी कोर्टात बोलणार आहे. बोलेन असं वाटतं. तिथं उभी राहिल्यावर काय होईल ते मला माहीत नाही, कारण मी आतापर्यंत प्रत्येक जागी थोडं कमीच बोलले आहे. म्हणून आधी तुला लिहिलं. आता हे तुझ्याकडं आहे.

राजश्री


दिवा
२० जून २०२५

राजश्री,

मला पत्र लिवायची सवय नाय. सेजल बाजूला बसून काना-मात्रा सांगतेय, पण तिला सगळं वाचू देत नाय.

तुझी चारी पत्रं मी वाचली. चौथं वाचून मी तीन दिवस जेवले नाय. तो बोलत होता हे मला कोर्टात पण कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. त्याचं शेवटचं बोलणं माझ्याकडं नव्हतं, ते आता हाय. ते वाचून तुझा जीव घ्यावा असं वाटलं आणि ते वाक्य परत परत वाचलं पण. दोन्ही खरं.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकड्यावर बसलेले. तू बघितलं नसशील. चारी पत्रं पिशवीत घालून मांडीवर ठेवलेली. भावाला बोललेले, ती खोटं बोलली तर आत्ताच्या आत्ता ही वकिलाच्या हातात देणार. किशोरच्या वकिलानं तुला विचारलं, वही चोरीला गेली असं जबाबात हाय, बरोबर? तू किती तरी वेळ गप्प. मी पिशवीची गाठ सोडली. पत्रं हातात घेतली. उठायला लागले.

तवा तू बोललीस, "नाही साहेब. मी दिली."

मंग शर्ट. मंग तीन वाजता तो जिवंत होता ते. जज्जसाहेब तुला बोलले, बाई, तुम्ही काय बोलताय ते समजतंय ना, हे तुमच्यावर येईल. तू बोललीस, समजतंय. आणि सगळं परत पहिल्यापासून सांगितलंस, टाइप करणाऱ्याला लिवता यावं म्हणून हळू. तुझी आई उठून गेली. किशोरनं कठड्यावर कपाळ टेकवलं ते शेवटपर्यंत वर केलं नाय. मी पत्रं परत पिशवीत घातली.

बाहेर आलीस तवा मी तुला चपलेनं मारलं. केस धरून पायरीवरून ओढलं. पोलीसबाईनं सोडवलं तवा माझ्या मुठीत तुझे केस होते. तू हात वर केला नाहीस. मी मारत होते आणि मला वाटत होतं आता बरं वाटंल. तुला तुझ्या नवऱ्याच्या टायमाला वाटलं तसं. नाय वाटलं.

जन्मठेप लागली किशोरला. चांगू सुटून घरी आला. दिवसभर पडवीत बसून असतो, साळूबाई भरवते तवा खातो. तुझ्यावर केस टाकलीय असं वकील बोलले, आणि तू जामिनावर महाडात खोली घेऊन हायस. गुन्हा कबूल करणार बोलतात. ते तुझं तू बघ.

वनखात्यानं हैबतीच्या जागेवर मला रोजंदारीवर घेतलंय. पुढच्या महिन्यात सेजलला घेऊन वाडीत येते. दहा आणि अकरा नंबर उभे हायत. तुझ्या मॅडमचा फोन आलेला, शेंडे काढायला डोंगरात कोण नेईल म्हणून. मी नेणार. वाट मला हैबतीनं दाखवलेली हाय, वही नको.

माफ केलं असं समजू नको. चारी पत्रांत तू माफी मागितली नाहीस, ते बरं केलंस. मागितली असतीस तर मला "नाय" असं बोलावं लागलं असतं, आणि मंग बोलणं तिथंच संपलं असतं.

आता पत्र पाठवू नको. वाडीत आले की एकदा मीच तुझ्या खोलीवर येईन. मारायला येईन का बसायला, ते आज मला ठाऊक नाय.

तुळसा